उभय व्याह्यांची कवडीवरील मोहीम

तिसऱ्या मजल्यावरील गृहराज्यधुरंधर विहीणबाईसाहेब यांची आज्ञा जाहली की, गेल्या डोंगरस्वारीत आणि त्यापुढे जे जे घडले ते तिळभरही न लपविता लिहून काढावे, म्हणजे पुढल्या सहलीच्या पिशव्या भरण्याआधी उभय सरदारांस समोर बसवून मोठ्याने वाचून दाखविता येईल. आज्ञा शिरसावंद्य. सेवकास सरदारांची भीड नाही, कारण सेवकास त्या घरी चहा मिळतो तो बाईसाहेबांच्या हातचा. सबब जैसे घडले तैसे लिहितो. कोणास झोंबेल त्याने पाणी प्यावे आणि पुढे ऐकावे.

प्रथम सरदारांचे वर्णन. थोरले व्याही म्हणजे मुलाचे बाप, पाचव्या मजल्याचे धनी, निवृत्त भूमापक, आणि लोकांच्या कुंपणांच्या हद्दी ठरविण्यात उभा जन्म गेल्यामुळे जगातील जी वस्तू आपण मोजिली ती आपणांस समजली, ऐसा ज्यांचा पक्का ग्रह, त्यांस इमारतीत मोजणीसाहेब म्हणत. धाकटे व्याही म्हणजे मुलीचे बाप, तिसऱ्या मजल्याचे नामधारी धनी, निवृत्त औषधविक्रेते, आणि डॉक्टरांची अक्षरे वाचून वाचून जे कोणासही दिसत नाही ते आपणांस दिसते, ऐसी ज्यांची खात्री, त्यांस औषधराव म्हणत. वास्तविक औषधराव वयाने वडील. परंतु मुलीचे बाप म्हणून धाकटे ठरले, आणि हा न्याय कोणी कधी केला ते कोणत्याच दप्तरी सापडत नाही.

मोजणीसाहेबांच्या पत्नी निवर्तल्यावर ते एकटे पडले, तेव्हा सूनबाईंनी खटपट करून त्यांस आपल्या माहेरच्याच इमारतीत घर घेऊन दिले. मग ते रोज संध्याकाळी दोन मजले उतरून येत आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत औषधरावांसमोर बसून चहा घेत. त्यांचा स्वतःचा कप, पत्नीच्या वेळचा, कान तुटलेला, बाईसाहेबांच्या फळीवर राहत असे आणि त्यास दुसऱ्या कोणी हात लावीत नसे. कोणी विचारिले असते तर त्यांनी सांगितले असते की आपण उपकार म्हणून जातो, व्याह्यांस तेवढीच सोबत. खरे वर्तमान ऐसे की, दिवसभरात ते माणसाशी बोलत ते त्या एकाच वेळी.

आता मोहिमेचे कारण. वाचनालयाच्या मागील खोलीत फुलपाखरू मंडळ नामे दरबार भरत असे. तेथील भिंतीवर डोंगराचा तक्ता, आणि तक्त्यात डोंगरावरील एकेका जातीचे चित्र आणि ती प्रथम टिपणाराचे नाव. त्यांत दोन चौकोन रिकामे होते, एक रुपेरी कवडीचा, एक मोती कवडीचा. या दोन जाती त्या डोंगरावर असाव्यात ऐसा विद्वानांचा तर्क, परंतु पाहिल्या कोणीच नव्हत्या, आणि त्या चौकोनांत आपले नाव लागावे ऐसी उभय सरदारांची ईर्षा. तिसरी ती साधी कवडी, डोंगरावर, मैदानात, रस्त्याच्या कडेला आणि गॅलरीतील कुंड्यांवरही मुबलक, आणि तिजकडे मंडळी ढुंकूनही पाहत नसत. तिन्ही कवड्या वरून सारख्याच, नारिंगी पंखांवर काळे ठिपके. पंख मिटल्यावर खालच्या अंगास डाग दिसतात, ते रुपेरीचे लखलखीत, मोतीचे दुधी आणि प्रत्येकात एक तपकिरी ठिपका, साधीचे मळकट पिवळे. शिवाय रुपेरीच्या पंखाची कड किंचित आत वळलेली असते ऐसे पुस्तकात लिहिले होते, आणि लिहिले नसते तर पुढला अनर्थ टळता.

मग थंडी ओसरताच सूनबाईंनी डोंगरावरील विश्रामगृहात खोल्या घेतल्या आणि फौज कूच करिती जाहली. मोजणीसाहेबांचा सरंजाम ऐसा की, बरणीएवढ्या भिंगाचा कॅमेरा, तिपाई, छत्री, आणि जमीन सपाट आहे की नाही ते पाहावयाची काचनळी, जी फुलपाखरास कशास लागते हे विचारण्याची कोणाची छाती जाहली नाही. औषधरावांकडे लहानसा कॅमेरा, पालथे पडावयास रबरी चटई, उन्हासाठी लेकीने दिलेली पिवळी धमक टोपी, आणि पालथे पडून उठल्यावर लावावयाची मलमे, ज्यांचा पेटारा कॅमेऱ्याहून मोठा. मुलगा, उर्फ जावई, गाडी हाकण्यापुरता होता आणि त्याने तेवढेच केले. डबे, पाणी, शाली आणि उभय सरदारांचे चष्मे बाईसाहेबांनी वाहिले, आणि त्याचा उल्लेख सरदारांच्या कोणत्याही कथनात येत नाही.

ओढ्याकाठच्या खडकाळ उतारावर सकाळचे ऊन पडले आणि दगड तापले, मग कवड्या दगडांवर पंख शेकावयास उतरल्या आणि उभय सरदार त्यांच्यावर तुटून पडले. चित्रांचा पाऊस पडला. या दगडावरून त्या दगडावर ऐसी धावाधाव माजली की कोण कोठे उकिडवे बसले, कोण कोठे पालथे पडले, याचा काही धरबंद राहिला नाही. मोजणीसाहेबांनी एकदा तिपाई पाण्यात पाडिली आणि औषधराव एकदा चटईसकट घसरून झुडपात दाखल जाहले, परंतु कवड्यांकडील कोणीही जायबंदी जाहले नाही.

घरी परतल्यावर उभयतांनी आपापल्या संगणकापुढे बैठक मारून चित्रे निवडावयास घेतली. मोजणीसाहेबांच्या सर्वोत्तम चित्रात कवडी पंख पसरून बसलेली, वरून टिपलेली, काळा ठिपका न् ठिपका रेखीव. परंतु तिच्या मागे पिवळे काही पसरले होते. पाहतात तो व्याह्यांची टोपी. साहेबांनी जिभेने च्च ऐसा आवाज केला आणि चित्र चहूबाजूंनी कापून टोपी हद्दपार केली. इकडे औषधरावांच्या सर्वोत्तम चित्रात कवडी पंख मिटून बसलेली, बाजूने टिपलेली. परंतु तिच्या मागे कोणाचे तरी दोन गुडघे आणि तिपाईचा पाय. औषधरावांनी कपाळास आठी घातली आणि गुडघे कापून काढिले. पंखावरील राईएवढा ठिपका ज्यांच्या नजरेतून सुटत नाही अशा या दोघा पंडितांपैकी एकासही हा विचार शिवला नाही की, आपल्या चित्रात व्याही करीत काय होते. दोघांच्याही लेखी तो नुसता कचरा.

मग त्या संध्याकाळी चहाच्या वेळी मोजणीसाहेब आपल्या चित्राची छापील प्रत काखोटीस मारून खाली उतरले आणि जाहीर करिते जाहले की, आपण रुपेरी कवडी सर केली. प्रमाण काय, तर पडद्यावर कोनमापक लावून पंखाची कड मोजिली, ती आत वळलेली आहे. औषधरावांनी कप खाली ठेविला, आतून आपली प्रत आणिली आणि जाहीर केले की, मोती कवडी आपण सर केली. प्रमाण काय, तर डागाच्या आत तपकिरी ठिपका, स्वच्छ, ठळक. उभयतांनी एकमेकांची चित्रे पाहिली, दोन रिकामे चौकोन, दोन सरदार, प्रकरण तेथेच गोडीने मिटावयाचे. परंतु दुसऱ्याचाही चौकोन भरावा एवढे मन मोठे असते तर बखरी लिहिल्याच गेल्या नसत्या. मोजणीसाहेब वदले की, डाग उन्हात वाटेल तसे दिसतात, व्याह्यांची कवडी साधी आहे. औषधराव वदले की, पंखाची कड कोनमापकाने मोजणे म्हणजे ताप फूटपट्टीने मोजणे, साधी आहे ती थोरल्यांची. आणि व्याह्यांच्याही चित्रात कड तशीच आत गेलेली दिसते, म्हणजे ती मोती तर नव्हेच, ऐसे साहेबांनी बोट ठेवून दाखविताच, ते गवताचे पाते आड आले आहे, ऐसा निवाडा औषधरावांनी जागच्या जागी दिला.

"लोकांच्या जमिनीच्या हद्दी ठरवल्या मी. ही एवढीशी कड मला कळणार नाही?" मोजणीसाहेब गरजले.

"आणि डॉक्टरांचं अक्षर लावलंय मी जन्मभर. हा ठिपका मला वाचता येणार नाही?" औषधराव कडाडले.

येथवर युद्ध धर्माने चालले होते. मग मोजणीसाहेबांच्या तोंडून निघून गेले की, गोळ्या मोजणाराने गोळ्या मोजाव्यात. आणि औषधरावांच्या तोंडून निघून गेले की, ज्याला आपल्या घरी चहा करून पिता येत नाही त्याने दुसऱ्याच्या घरी बसून शहाणपण शिकवू नये. हे बोलताच औषधरावांस आपण काय बोललो ते कळले, परंतु शब्द निघाला तो निघाला. मोजणीसाहेब उठले. उरलेला चहा त्यांनी उभ्याने प्याला, स्वयंपाकघरात जाऊन आपला कप विसळला, पुसला आणि हातात घेऊन दाराकडे निघाले.

"अहो, कप तरी राहू द्या," बाईसाहेब म्हणाल्या.

 तो कप इतक्या काळाने प्रथमच पाचव्या मजल्यावर गेला, आणि तेथे त्यास ठेवावयास फळीवर जागा नव्हती.

येथून शीतयुद्धाचे पर्व. उद्वाहनात एक सरदार असला की दुसरे जिन्याने जात, आणि गुडघ्यांची अवस्था उभय पक्षी नाजूक असल्यामुळे यात शौर्य फार खर्च जाहले. दोघेही आपापली चित्रे सूनबाईंस फोनवर धाडीत. एक म्हणत, सुने, निःपक्षपातीपणे सांग. दुसरे म्हणत, लेकी, बापाच्या तोंडाकडे पाहू नको, पंखाकडे पाहा. ती कचेरीच्या कामात बुडालेली, तिने उभयतांस "दोन्ही छान आलेत" ऐसा तहनामा धाडिला. त्याचा परिणाम इतकाच की तिजवर दोन्ही दरबारांची इतराजी जाहली. मुलास, उर्फ जावयास, कोणी विचारिले नाही.

पाचव्या मजल्यावर संध्याकाळी काय होत असे तेही लिहिणे प्राप्त आहे. मोजणीसाहेब चहा करीत. जन्मभर मापात वागलेल्या माणसास एका कपाचे माप साधेना, पातेल्यात निम्मा उरे आणि मोरीत जाई. मग ते कप घेऊन खिडकीशी बसत आणि खालच्या गॅलरीत भांड्यांचा आवाज होतो काय ते ऐकत, आणि विचारणारे कोणी नसल्यामुळे आपण ऐकत नाही ऐसे सांगावयाची सोयही नव्हती. त्यांस करमत नव्हते, हे सरळ लिहितो. तिसऱ्या मजल्यावर औषधराव रिकाम्या खुर्चीसमोर बसून चहात खोड काढीत. आज पाणचट जाहला, आज साखर जास्त. बाईसाहेबांनी एके दिवशी साखर निम्मी केली आणि फर्मान काढिले की, ज्यास गोड पाहिजे असेल त्याने दोन मजले चढून गोड बोलून यावे. औषधरावांनी तोंड फिरविले. परंतु त्या दिवसापासून चहा कमी साखरेचाच राहिला, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

मग प्रकरण फुलपाखरू मंडळाच्या दरबारी गेले. तेथील कुलअखत्यार शाळेत जीवशास्त्र शिकविणाऱ्या एका बाईंकडे होता, ज्यांच्या गळ्यात सदैव दोरीने बांधलेले भिंग, म्हणून भिंगबाई. त्यांचा दंडक ऐसा की, चित्र पाठवावे तर कॅमेऱ्यातून निघाले तसे सबंध पाठवावे, एक काठही न कापता, कारण पाखराइतकीच दगड, गवत आणि पाणी यांचीही साक्ष लागते. उभय सरदारांस हा दंडक अपमानाचा वाटला, परंतु चौकोनाच्या लोभाने दोघांनीही एकमेकांस पत्ता न लागू देता मूळ चित्रे शोधून काढिली. मोजणीसाहेबांस टोपी पुन्हा दिसली, औषधरावांस गुडघे पुन्हा दिसले, आणि दोघांनीही मनाशी म्हटले की, असू द्यात, दरबार कवडीचा निवाडा करणार आहे, व्याह्यांचा नव्हे. आणि चित्रे रवाना केली.

दरबाराचा दिवस उजाडला. मागील खोली खुर्च्यांनी आणि खुर्च्या मंडळींनी भरल्या. मोजणीसाहेब एका टोकास, औषधराव दुसऱ्या टोकास, आणि मागील रांगेत सूनबाई आणि बाईसाहेब, ज्या आपण फक्त सोबतीस आलो आहोत ऐसे सर्वांस सांगत होत्या. दिवे मालवले गेले आणि भिंगबाईंनी दोन्ही सबंध चित्रे भिंतीवर शेजारी शेजारी लाविली, दाराएवढी मोठी.

मग त्यांनी लांब पट्टीने थोरल्यांच्या कवडीच्या कडेवर बोट ठेविल्यासारखे केले.

"ही कड आत वळलेली नाहीये. इथं खाच पडलीये, पक्ष्यानं चोच मारलीये. आणि आता इकडे बघा. तीच खाच, त्याच जागी, तेवढीच. हे गवताचं पातं वगैरे काही नाही."

दरबारात कुजबूज जाहली. मोजणीसाहेबांनी कोनमापक खिशात अधिक खोल ढकलिला.

"आता हा तपकिरी ठिपका. ह्या गृहस्थांनी आणखी एक फोटो पाठवलाय, त्यात हाच ठिपका ढगावर आहे. कॅमेऱ्याच्या भिंगावर धूळ बसलीये, पुसून घ्या. डाग मळकट पिवळेच आहेत. फुलपाखरू दोन्हीकडे एकच आहे. एका फोटोत पंख उघडलेत आणि लगेच दुसऱ्यात मिटलेत, एवढाच फरक. साधी कवडी. दोन्ही चौकोन रिकामेच राहणार."

येणेप्रमाणे उभय सरदार एकाच घावात गारद जाहले. परंतु भिंगबाई तेथेच थांबत्या तर सेवकास लेखणी उचलावी लागली नसती. त्यांच्या मनात दुष्टावा काही नव्हता, सबंध चित्र पाहावयाची खोड तेवढी होती. त्यांनी पट्टी कवडीवरून उचलली आणि मागे नेली.

"मला एकच कळत नाहीये. ह्या फोटोत दगडापलीकडे पिवळ्या टोपीवाले एक गृहस्थ पालथे पडलेत आणि फोटो काढतायत. आणि ह्या फोटोत त्याच दगडापलीकडे एक गृहस्थ उकिडवे बसलेत, तेही फोटो काढतायत. मध्ये फक्त हे पाखरू. चहाचा कप पुढे केला तर हातात देता येईल, इतके जवळ आहेत. हे दोघं एकमेकांना ओळखतात का?"

 मोजणीसाहेब आपल्या बुटांकडे पाहू लागले आणि औषधराव छताकडे.

"ओळखायचे," मागील रांगेतून बाईसाहेब म्हणाल्या.

कोणी तरी फस्सकन हसले आणि मग सगळा दरबार हसला. उभय सरदार मात्र हसले नाहीत, कारण त्यांची नजर आता भिंतीवर गेली होती. औषधरावांनी आपल्याच चित्रात, कापून फेकिलेल्या भागात, प्रथमच नीट पाहिले. त्या गुडघ्यांमागे उकिडवे बसलेले व्याही, एक डोळा मिटलेला आणि जीभ दातांत धरलेली, शाळेत पहिली रेघ ओढणाऱ्या मुलासारखी. मोजणीसाहेबांनी आपल्या चित्रात पाहिले. टोपीखाली व्याही, कोपरापर्यंत चिखल, पोटाखालची चटई केव्हाच घसरून गेलेली, आणि चेहऱ्यावर इतका आनंद की तो कापून टाकणाऱ्या हातास लाज वाटावी. साहेबांस ती वाटली. डोळे पुसावयास त्यांनी चष्मा काढिला आणि चष्माच पुसत बसले.

परतताना सर्व मंडळी एकाच उद्वाहनात शिरली, कारण जिने चढण्याइतके त्राण कोणाच्याही शौर्यात उरले नव्हते.  तिसरा मजला आला, औषधराव उतरले, दार मिटले.

दुसरे दिवशी संध्याकाळी तिसऱ्या मजल्याची घंटा वाजली. औषधराव जातीने दार उघडावयास गेले, जे त्यांनी त्या घरात पूर्वी कधी केल्याची नोंद नाही. दारात मोजणीसाहेब, हातात कान तुटलेला कप. उभय सरदारांत पुढीलप्रमाणे तहाची बोलणी जाहली.

"या. हल्ली साखर कमी असते."

"चालेल. तुमची टोपी छान आलीये फोटोत."

"तुमची जीभपण."

"ते चहाचं..." औषधराव बोलू लागले आणि अडले. "त्या दिवशी मी बोललो ते..."

"मला येत नाहीच करता," मोजणीसाहेब म्हणाले. "निम्मा फेकून द्यावा लागतो."

मग औषधरावांनी त्यांच्या हातातून कप घेतला आणि आत नेऊन दिला. बाईसाहेबांनी साखरेचा डबा खाली काढिला.

सबब लिहून ठेविले जाते की, या मोहिमेत कवडी नग एक, तीही साधी, उभय सरदारांनी मिळून सर केली. रुपेरी आणि मोती यांचे चौकोन रिकामे राहिले ते आजतागायत रिकामे आहेत. दोन्ही चित्रे सबंध, एक काठही न कापता, तिसऱ्या मजल्यावरील भिंतीवर शेजारी शेजारी लागली, आणि आल्या-गेल्याने यात फुलपाखरू कोठे आहे ऐसे विचारिल्यास जवळ नेऊन बोटाने दाखवावे लागते. परवाच गॅलरीतील कुंडीवर एक कवडी येऊन बसली. तिने पंख उघडले, मग मिटले. उभय सरदारांनी पाहिले, परंतु कॅमेरा आणावयास कोणी उठले नाही, कारण चहा नुकताच ओतला होता. फत्ते ती हीच, दुसरी कोणती असल्यास सेवकास ठाऊक नाही. कान तुटलेला कप बाईसाहेबांच्या फळीवर पूर्ववत कायम जाहला, तो समक्ष पाहून हे लिहिले.